चटणीतलं मीठ

वर्षाराणीच्या हातात एसटीचं स्टिअरिंग यायच्या आधीपासूनच आमची मंगळवार पेठेतली गल्ली तिला 'ड्रायव्हरीण' म्हणायची. सव्वीस वर्षांची पोरगी. वडील कृष्णात रिक्षा चालवायचे. ती कॉलेजात असताना, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते जेवता जेवता गेले. त्यांचीच रिक्षा चालवून तिनं घर सावरलं, अवजड वाहनाचं लायसन काढलं, चालक भरतीची परीक्षा दिली. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी.

तिथं बीपी निघालं एकशे सत्तर, एकशे दहा. इको काढल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदयाची भिंत जाड झालीय, रक्तदाब बरेच दिवस चढलेला असणार. गोळी रोज घ्यायची, मीठ अगदी कमी करायचं, आणि नोकरीला फिट आहे की नाही ते तीन महिन्यांनी बघू.

गल्लीनं आपलं निदान लगेच केलं. "मोबाईल लई बघती." "पोरीच्या जातीला कशाला पायजे एसटी?" मला असल्या लोकांचा मनस्वी राग येतो, फुकटचं बोलायला यांचं जातंय काय? वर्षाराणीनं मात्र दिवसच आखून घेतला. सकाळी सातला गोळी, मग रंकाळ्यावर भराभर चालणं, संध्याकाळी दंडाला पट्टा बांधून मशीनवर आकडा बघणं. मिसळ सुटली, वडा सुटला. मैत्रिणी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारत असताना ही काकडी चावत बसायची. कोल्हापुरात राहून हे जमवणं म्हणजे चेष्टा नव्हे.

आकडा उतरला, पण एकशे शेहेचाळीसवर येऊन अडून बसला. दोन महिने झाले तरी हलेना. मग तिचा आईवर संशय.

"आई, खरं सांग, आमटीत मीठ टाकतीस न्हवं?"

"अंबाबाईची शपथ," तानाबाई कडाडली. "चिमूटभर टाकलं आसंल तर हात झडंल माजा!"

तानाबाई खोटं बोलणारी बाई नाही. शेजारी राहून वीस वर्षं बघतेय मी तिला.

एप्रिलात वर्षभराची चटणी कुटून आणायला आम्ही तिघी डंकावर, मिरची-मसाला कुटायच्या गिरणीवर गेलो. पाच किलो मिरची, कांदा, लसूण, खोबरं, सगळं भाजून नेलेलं. डंक धडधडत होता. तानाबाईनं पिशवी उघडली आणि किलोभर खडेमीठ ओतायला हात उचलला.

वर्षाराणीनं तो हात वरच्या वर धरला. "हे काय?"

"मीठ. दुसरं काय?"

"आणि शपथ घेतलीस ती?"

"आमटीची घेतली की!" तानाबाई खरंच चक्रावली होती. "चटणीतलं मीठ चटणी टिकायला आस्तंय, वर्षे. ते खायचं मीठ न्हवं."

डंकावरच्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, आणि लगेच तोंड मिटलं. कारण माझ्याही घरी हाच हिशेब होता. रोजच्या आमटीत चटणी दोन चमचे, भाजीत एक, भाकरीबरोबर तेल घालून वेगळी.

"बिनमिठाची कुटा," वर्षाराणी डंकवाल्याला म्हणाली.

"बुरशी यील ताई."

"दोनच किलो कुटा. फ्रीजमदी ठेवतो. संपली की परत येतो."

पहिले आठ दिवस ती चटणी मातीसारखी लागली, हे तिनंच मला सांगितलं. तरी तिनं खाल्ली, लिंबू पिळून खाल्ली. मे महिन्यात फेरतपासणीला आकडा आला एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. गोळी चालूच ठेवायची, तपासण्याही करत राहायच्या, पण 'फिट' असा शिक्का बसला.

पेढे घेऊन मी धावत गेले, तर तानाबाई चुलीपुढं चटणीची जुनी बरणी मांडीवर घेऊन रडत होती.

"तुज्या बाला रोज भाकरीवर हीच लागायची," ती लेकीला म्हणाली. "रोज मीच वाढली. त्या दिवशीबी."

वर्षाराणी तिच्यासमोर बसली. बरणी काढून बाजूला ठेवली.

"बाबा चटणीनं न्हाय गेला, आई. त्याच्या हाताला कुणी कवा पट्टाच बांदला न्हाय, म्हणून गेला." तिनं मशीन पुढं ओढलं. "हात कर पुढं."

"मला काय झालंय?"

"बाबाबी हेच म्हणायचा."

तानाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि बाही वर केली.