अकरा नंबरचे अंकल

अंकलच्या बहिणीचा हात ज्या सुरीने कापला, ती सुरी कच्ची होती आणि ते मला आधीपासून माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. बायकोसमोर नाही, मालकासमोर नाही. ज्यांच्यासमोर सगळ्यात आधी उच्चारायला हवं होतं, ते अंकल आता नाहीत. पण एवढंच सांगून उठलो तर मी काय केलं ते तुम्हाला पुरतं कळणार नाही. त्यासाठी अंकल कसे होते ते माहीत पाहिजे.

नवी सुरी हातात दिली की ते तिच्याकडे बघत नसत. आधी कानाशी नेत. मूठ दोन बोटांत सैल धरायची, दुसऱ्या हाताच्या नखाने पात्यावर टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. गाळ्यात ग्राइंडर चालू असला तर हात वर करून तो बंद करायला लावत. आवाज पूर्ण विरेपर्यंत आम्ही सगळे उभे. मग डोळे उघडून म्हणत, "बोलते हां!" एवढं झालं की सुरी पास.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला. आजूबाजूला सगळे स्टीलची ताटं-वाट्या करणारे. आमच्याकडेही पूर्वी चमच्यांना पॉलिश व्हायचं. वडिलांच्या मागे मालकाने धंदा हातात घेतला, चमचे बंद केले आणि सुऱ्या सुरू केल्या. दुमडणाऱ्या नाहीत, टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकच अखंड पोलाद. वर्षातून दोन-तीन खेपा, दर खेपेला फक्त अठरा. अठरा झाल्या की तो घाट पुन्हा करायचा नाही, कितीही मागणी येवो. प्रत्येक सुरीवर तिचा नंबर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्या घाटाचा फोटो टाकला की तासाभरात अठराही बुक होत. मालक माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, मला दादा म्हणतो. पोलाद तापवण्याचं, त्याला पाणी देण्याचं, म्हणजे भट्टीचं सगळं काम माझं.

सुऱ्या जमवणारी माणसं मी खूप पाहिली. बहुतेकांचं प्रेम तीन-चार खेपा टिकतं. मग ते जपानी सुऱ्यांकडे वळतात, नाहीतर घड्याळांकडे, नाहीतर मोटरसायकलींकडे. अंकल पहिल्या खेपेपासून शेवटपर्यंत आमचेच. दर खेपेची एक सुरी, आणि ती अकरा नंबरची. आयुष्यात पहिल्यांदा जहाजावर चढले तेव्हा त्यांच्या झोपायच्या बंकवर अकरा आकडा होता, म्हणून. कुणीतरी त्यांना एकदा दुसऱ्या कारागिराची सुरी दाखवली, डिझाइन खरंच सुंदर होतं. अंकल म्हणाले, "छान आहे. पण मी या लोकांना ओळखत नाही ना."

ते मूळचे उत्तनचे. मासेमारीच्या बोटीवर न जाता मोठ्या जहाजावर गेले, कुक म्हणून. बत्तीस वर्षं जगभरच्या समुद्रांवर कांदे चिरले, असं स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर मोरव्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. उरलेलं माणूस एकच, उत्तनला राहणारी धाकटी बहीण. ती बाजारात मासळी विकायला बसते. दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की अंकल तिच्याकडे जेवायला.

एकदा मी आणि मालक त्यांच्या घरी गेलो होतो. लोखंडी कपाटात मऊ चादरीच्या घड्यांवर आमच्या सुऱ्या ओळीने झोपलेल्या. महिन्यातून एकदा प्रत्येकीला तेलाचा हात. मग त्यांनी आमच्यासाठी लिंबू सरबत केलं. लिंबू कापायला काय घेतलं असेल? हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीची, फेरीवाल्याकडची सुरी. तीही इतकी बोथट की लिंबू कापलं न जाता फुटलं.

मालकाला राहवेना. "अंकल, कपाटात एवढ्या सुऱ्या आहेत हो!"

"त्या रिटायर झाल्यात."

"काम कधी केलं त्यांनी?"

"मी केलं ना त्यांच्या वाटचं. बत्तीस वर्षं कंपनीची सुरी वापरली. या माझ्या आहेत. माझ्या सुऱ्यांना मी कामाला नाही लावणार."

बहीण यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायची. तिची वाक्यं ते आम्हाला तिच्याच बोलीत, तिच्यासारखे हात नाचवत ऐकवत. "काय म्हणते माहितीय? तुज्या सुऱ्या सुऱ्या न्हाय, पाटलीणी हायत. बसून तेल लावून घेतात!" आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसत.

आता माझी गोष्ट.

पोलाद लाल करून तेलात बुडवलं की पातं काचेसारखं होतं. कडक, पण ठिसूळ. त्याचा ताठा उतरवायला ते मंद भट्टीत दोनदा शेकावं लागतं. हे केलं नाही तरी दिसायला काही फरक नाही. धारही लागते. फक्त एखाद दिवशी जोर बसला की ते वाकत नाही, तुटतं. नवव्या खेपेला पाती भट्टीत लावत होतो तेव्हा भावाचा फोन आला. गावच्या जागेवरून आमचं वाजलं होतं. मी एका हातात फोन धरून भांडत होतो आणि दुसऱ्या हाताने पाती लावत होतो. एक पातं तेलाच्या जाळीवरच राहिलं. नंतर कुणीतरी ते उचलून तयार पात्यांत ठेवलं.

मला ते कळलं मुठी बसल्यानंतर. मुठीच्या कडेचा जास्तीचा गोंद कानशीने काढत होतो. बाकीच्या सुऱ्यांवर कानस जराशी तरी चावायची. एका सुरीवर ती काचेवरून सरकावी तशी सरकली. मी तीन वेळा करून बघितलं.

मूठ फोडून पातं पुन्हा शेकता आलं असतं. पण त्या खेपेच्या मुठी एका जुन्या शिसवी पलंगाच्या पायांमधून काढल्या होत्या, बरोबर अठरा जोड. एक फोडली की खेप सतराची, आणि मालकाने अठरा जणांना शब्द दिलेला. त्याला सांगायचं म्हणजे फोनचंही सांगायचं. नंबर अजून कोरायचे होते. मी सुऱ्या ओळीने मांडल्या आणि विचार केला, यांतली कुठली सुरी कधीच वापरली जाणार नाही?

उत्तर शोधावं लागलं नाही. मी ती सुरी अकराव्या जागी ठेवली.

त्यांनी आमच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास टाकला होता, म्हणून वाईट सुरी त्यांना. तेव्हा मला यात काही अन्याय वाटला नाही. उलट आपण अक्कल वापरली असं वाटलं. अंकल आले, त्यांनी ती कानाशी धरली, टिचकी मारली. या वेळी खूप वेळ डोळे मिटून होते. "आजवरची सगळ्यात गोड," ते म्हणाले. मी भट्टीकडे तोंड करून उभा होतो.

वर्ष-दीड वर्ष गेलं. मी जवळजवळ विसरलो होतो. एका सकाळी अंकल तीच सुरी घेऊन आले.

"मिस्त्री, हिला मासळीची धार लावून द्या. ही कामाला जाणार."

"कुठे?"

"बहिणीकडे. साठ वर्षांची झाली. जन्मभर माझ्या सुऱ्यांना नावं ठेवली तिने. म्हटलं, जी सगळ्यात गोड बोलते ती तिलाच द्यायची."

मी म्हणालो, "अंकल, ही राहू दे. सातव्या खेपेची रुंद आहे, मासळीला ती बरी पडेल."

"अरे, तिला बरी नाही द्यायची. चांगली द्यायची."

मालक आठ-दहा पावलांवर उभा होता. तोंड उघडायला त्यापेक्षा चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. मी स्वतःला सांगितलं की ती बोंबील कापेल, मांदेली साफ करेल, त्याला कसला जोर लागतो. आणि मी धार लावून दिली. चांगली लावली. केस कापेल अशी.

महिन्याभराने अंकल आले ते हातात वर्तमानपत्राची पुडी घेऊन. पुडी टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "तुमची सुरी आमच्या घरी मोडली."

बहिणीने घोळ माशाचं डोकं फोडायला घेतलं होतं. घोळ मोठी होती. पातं मधेच तुटलं, जोरात असलेला हात पुढे गेला आणि तुटक्या कडेवर बसला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. टाके पडले, पण डॉक्टर म्हणाले, बोटं आता मिटायची नाहीत. मासळी कापून पोट भरणाऱ्या बाईचा उजवा हात. हे सगळं सांगून अंकल पुन्हा म्हणाले, "हाडावर तिरकी फिरवली असणार तिने. तिला सांगितलं होतं, ही कोयता नाही."

मालकाने तुकडे उचलले, तुटलेली कड उजेडात धरली. "दादा, हे असं कसं तुटलं?"

मी म्हणालो, "पीळ बसला असेल. पिळापुढे कुठलंच पोलाद टिकत नाही."

मालकाने मान हलवली. त्याला भट्टीतलं माझ्याइतकं कळत नाही, तो माझ्यावर विसंबतो. अंकलनीही मान हलवली. त्यांना जणू हायसं वाटलं. आमची सुरी वाईट नव्हती, एवढंच त्यांना ऐकायचं होतं, आणि ते त्यांना मी दिलं.

मालक म्हणाला, "अंकल, मी तुम्हाला एक नवीन करून देतो, त्याच घाटाची."

"अजिबात नाही. अठरा म्हणजे अठरा. एकोणिसावी केलीत तर बाकीच्या सतरा जणांना काय सांगाल? मोडली ती आमची चूक."

तिथून ते उत्तनला गेले आणि बहिणीला म्हणाले, गाळ्यातला भट्टीवालाही सांगतो, तूच तिरकी मारलीस. हेही त्यांनीच मला नंतर सांगितलं. तिने हातावरच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "चाळीस वरसां मासली कापते मी. तू बहिणीचा न्हाय, लोखंडाचा हायस." त्या दिवसापासून त्यांचं रविवारचं जेवण बंद झालं.

सुऱ्या मात्र येऊन घेत राहिले. तेरावी खेप, चौदावी, पंधरावी, सोळावी. अकरा नंबर, कानाशी टिचकी, "बोलते हां!" आवाज तोच, पण मग लगेच निघत नसत. मिस्सा झाल्यावर रविवारी दुपारी बंद गाळ्याच्या पायरीवर येऊन बसतात, असं शेजारच्या गाळ्याच्या वॉचमनने आम्हाला सांगितलं. एकदा मी विचारलं, "बहीण कशी आहे?" म्हणाले, "हट्टी आहे. चूक कबूल केली असती तर मी कधीच गेलो असतो." जाताना म्हणाले, "मीपण हट्टी आहे." मी तेव्हाही बोललो नाही. दर वेळी वाटायचं, आता इतके दिवस झाले, आता सांगून काय.

गेल्या वर्षी झोपेतच गेले. मी आणि मालक उत्तनला मातीला गेलो. बहीण इतरांपासून थोडी दूर उभी होती. शेवटी पुढे आली आणि तिने डाव्या हाताने माती टाकली. उजवा हात पदराखाली होता. मागे कुणीतरी बाई हळू आवाजात सांगत होती, "दोन वरसां भावाशी बोलली न्हाय बिचारी." कपाटाची चावी आता बहिणीकडे असते, पण तिने कपाट उघडलेलं नाही, असं ऐकतो.

सतराव्या खेपेला नंबर कोरताना दहानंतर मी थांबलो. मालकाने अकरा नंबर कुणाला द्यायचा ते ठरवलं होतं, बंगलोरचा एक मुलगा. मी ती सुरी कानस लावून नीट तपासली, मग कानाशी नेली आणि टिचकी मारली. मला काही कळलं नाही. नुसता आवाज होता.

त्यानंतर मी दोनदा उत्तनला जाऊन आलो. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते, फार लांब नाही. पहिल्यांदा बाजाराच्या तोंडाशीच उभा राहून परतलो. दुसऱ्यांदा तिच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिलो. हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी डाव्या हातात धरून ती कुणाची तरी मांदेली साफ करत होती. हळूहळू, एकेक. मला तिने ओळखलं नाही.

"बोंबील ताजं हाय दादा. कापून देऊ काय?"

मी म्हटलं, "नको, तसेच द्या."

घरी आणलेले बोंबील बायकोने साफ केले. ती म्हणाली, कापून का नाही आणलेत.

सुरीचे ते दोन तुकडे माझ्या भट्टीजवळच्या खणात आहेत, त्याच वर्तमानपत्रात. ते घेऊन मला उत्तनला जायचं आहे आणि तिला सांगायचं आहे की हात तुमचा चुकला नव्हता, सुरी कच्ची होती, ती मी केली होती आणि तुमच्या भावाला मी खोटं सांगितलं. एवढं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.