बसलेल्या देवाचा पाय

आमचे भावोजी हैबतराव माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायाकडे. माझ्या ताईला, सगुणाला, बघायला रोह्याला आले तेव्हाही सगळा वेळ मान खाली घालून बसले होते. आमची आई खूश. म्हणाली, मुलगा काय लाजाळू आहे! लाजाळू कसला! पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीचे पाय निरखत होता. "तुझ्या ताईचा अंगठा लय सुबक हाय," हे त्यांनी लग्नानंतर मला स्वतःच सांगितलं.

पेणला त्यांचा गणपतींचा कारखाना. वडिलांपासून चालत आलेला. मूर्ती तर ते करतातच, पण त्यांची खरी ख्याती रबरी साच्यांची. माणूस लोण्यासारखा, पण एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी हो म्हणायचा नाही. ताईने हे सगळं हसतहसत निभावलं. मला मात्र दर भेटीत एकदा तरी त्यांच्याशी भांडल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

कारखान्यात पावसाळ्यात हौसा कामाला यायची. कासूच्या पलीकडे खाडीकाठी तिचं गाव. उन्हाळाभर मिठागरात राबायचं आणि मिठागरं बंद झाली की पेणला येऊन पॉलिशपेपरने गणपती घासायचे, हा तिचा नेम. एका वर्षी ती आली ती कुबडी घेऊन. मिठागरात पायात काच गेली होती, जखम चिघळत गेली आणि शेवटी पाय घोट्याच्या वर कापावा लागला. दवाखान्यातून तिला नवा पाय मिळाला होता. रस्त्यावर चालायला चांगला होता. पण मिठाचा वाफा पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, दिवसभर खारट पाण्यात उभं राहावं लागतं. त्या पाण्यात आतलं लाकूड फुगलं आणि बोल्ट गंजले.

"इथं वर्षभर बसून काम कर की गो," ताई तिला म्हणाली.

"मना बसून ऱ्हावाचं नाय," हौसा म्हणाली. "मना मिठागरान उभी ऱ्हावाचं हाय."

भावोजी तिच्या उरलेल्या पायाकडे बघत होते. म्हणाले, "त्यात काय! गणपतीचा पाय करतो, तसा तुझा करू."

या एका वाक्यापायी पुढची दोन वर्षं आमची झोप उडाली.

मी तेव्हा रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत रबराच्या खात्यात होतो. खारात न कुजणारं रबर बनवणं माझ्याकडे आलं, आणि दर रविवारी गाडीने पेण गाठणंही. सत्त्याण्णव साली पेपरात वाचलं की वैद्यकीय उपयोगाच्या नव्या वस्तूंवर संशोधन करणाऱ्या लहान उद्योगांना दिल्लीचं एक खातं मदत देणार आहे. मी उड्या मारायला लागलो. भावोजी म्हणाले, "सरकार आपल्याला कशाला देईल? आजवर आपणच सरकारला देत आलो." तरी ताईने त्यांना गप्प करून अर्ज करायला लावला. दारावर 'सगुणा सर्जिकल वर्क्स' अशी पाटी चढली. तिच्या कोपऱ्यात त्यांनी सवयीने गणपतीही काढला.

आणि मदतीचा पहिला हप्ता खरोखरच आला! त्यातून आम्ही एक यंत्र केलं. ते रबरी पाय मिठाच्या पाण्यात दिवसभर आपटत राही, मोडेपर्यंत. अट अशी होती की समिती येऊन सगळं बघेपर्यंत कुणाही माणसाला तो पाय लावायचा नाही. समितीने होकार दिला की दुसरा हप्ता, आणि मग पहिला पाय हौसाचा. ती रोज ताईला विचारी, "आली काय गो तुमची समिती?"

आली एकदाची. तिच्या प्रमुख डॉ. शांती, दक्षिणेकडच्या, हळू आणि जपून हिंदी बोलणाऱ्या. चांगले पाय त्यांनी हातात घेऊन वाकवून बघितले, खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आता मोडलेले दाखवा."

भावोजी हसतमुखाने म्हणाले, "त्यांचं विसर्जन केलं."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. खंडित मूर्ती कारखान्यात ठेवायची नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. त्यामुळे यंत्राने मोडलेला प्रत्येक पाय हळदकुंकू वाहून, फूल ठेवून, अंतोऱ्याच्या धक्क्यावरून खाडीत सोडला होता. ताईने तर साखरेचा नैवेद्यही दाखवला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "भावोजी, तो देव नव्हता, नमुना होता!"

"मग काय माणसाचा पाय उकिरड्यावर टाकू?" ते माझ्यावरच उखडले.

डॉ. शांती रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं की पाय कुठे आणि कसा मोडतो, हेच तर संशोधन. ते कळल्याशिवाय तो जिवंत माणसाला लावायला त्या होकार देऊ शकत नाहीत. मी त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. कोपऱ्यात पोत्यावर बसलेल्या हौसाच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. भावोजींनी ते बघितलं आणि मान खाली घातली. पण या वेळी ते कुणाचेही पाय बघत नव्हते.

थोड्या वेळाने हौसाच म्हणाली, "रबर जड असतंय. चिखलान बसलं असंल. उद्या ओहोटीला बघू की."

डॉ. शांती एक दिवस राहायला तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी ओहोटीला हौसाच्या गावच्या बायका अंतोऱ्याच्या धक्क्यापाशी पदर खोचून चिखलात उतरल्या. हौसा बांधावर कुबडी रोवून हाका मारत होती, आणि भावोजी मांडीपर्यंत चिखलात. चिखलातून पाच बोटं वर आलेली बघून वाटेने जाणारा गुणाजी नावाचा एक कोळी 'मुडदा! मुडदा!' करत जो पळाला, तो गावात जाऊनच थांबला. सगळे नाही, पण बरेच पाय सापडले. धुऊन पोत्यावर मांडले. इतके महिने खारात राहूनही रबर कुजलं नव्हतं. माझी छाती फुगली, नाही कशाला म्हणू! पण सगळे एकाच जागी फाटले होते, तळव्याच्या खोलगट भागात.

डॉ. शांतींनी तिथे अंगठा फिरवला. म्हणाल्या, "कमान फार उंच आहे, सगळा भार इथे येतो. एवढी कमान का दिली?"

"सुंदर दिसावा म्हणून," भावोजी पुटपुटले.

हौसाने त्यातला एक पाय उचलून आपल्या पायाशेजारी ठेवला. तिचा पाय भाकरीसारखा सपाट, बोटं फाकलेली, टाचेला भेगा. भावोजींचा कमानदार, गुळगुळीत, एकेक बोट कळीसारखं.

"दादा," ती हसून म्हणाली, "ह्यो बसलेल्या देवाचा पाय हाय. बाप्पा पाटावर बसतंय. त्याला कुठं वाफा तुडवाचा हाय?"

सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. ते चिखलातच उकिडवे बसून किती तरी वेळ तिचा पाय बघत राहिले.

कमान उतरवायच्या अटीवर होकार आला, दुसरा हप्ताही आला. भावोजींनी हौसाच्या धड पायासमोर बसून त्याचा जोडीदार घडवला. सपाट, फताडा, भेगांसकट. जन्मभर भेगा बुजवणारा माणूस आता भेगा कोरत होता. ताई सवयीने पॉलिशपेपर घेऊन आली, तर ओरडले, "हात लावू नको गो त्याला!"

पावसाळ्यानंतर मिठागरं सुरू झाली. हौसा वाफ्यात उतरली, कुबडी बांधावर टाकून. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मग सगळ्या बायकांबरोबर तुडवायला लागली. भावोजींनी तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. पायांकडेच बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. असा मेव्हणा मिळायला नशीब लागतं, असं मला त्या दिवशी वाटलं. त्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसतील.

मिठाचा हंगाम संपल्यावर हौसा गणपती घासायला आली, तेव्हा तो पाय टाचेला उकलला होता. नवा तयार होता, तो तिने चढवला. ताईने हळदकुंकवाचं ताट आणलं, शेवंतीचं फूल ठेवलं आणि खाडीवर जायला चप्पल घातली.

"थांब," भावोजी म्हणाले. त्यांनी पाय हातात घेतला. भेगांत मिठागरचा चिखल वाळलेला होता. तो न धुताच त्यांनी पाय फळीवर ठेवला, वडिलांच्या फोटोखाली.

मी संधी सोडतो थोडाच! म्हटलं, "काय भावोजी, खंडित वस्तू घरात?"

"खंडित कुठं हाय?" ते म्हणाले. "चाललेला पाय हाय ह्यो."