मा. मंत्री

आमचे उत्तममामा नट आहेत, गीतकार आहेत आणि मंत्री आहेत. कुंभार पिंपळगावात हे सर्वांना मान्य आहे. जयंतीच्या मिरवणुकीची गाणी तेच लिहितात आणि गावच्या नाटकात दरवर्षी राजाचे मंत्री होतात. वाक्य एकच, "महाराज, चौकशी करतो." पण ते अशा थाटात म्हणतात, की दळणाला गेले तरी गिरणीवाला म्हणतो, "या मंत्री, बसा."

माझ्या लग्नाची पत्रिका मी स्वतः तयार केली (घरात शिकलेला मुलगा असला की असं होतं). नुसत्या नावाने मामांना कुणी ओळखणार नाही, म्हणून आधी 'मामा मंत्री' टाकायचं ठरवलं. जागा पुरेना. मी 'मामा'चा 'मा.' केला.

लग्न जाफराबादकडच्या सासरच्या गावी होतं. उतरतो तर वेशीत कमान, बँड आणि अर्ज घेऊन उभं असलेलं निम्मं गाव! साखरपुड्याला मामा नव्हते, त्यामुळे सासऱ्यांनी त्यांना पाहिलेलंच नव्हतं. ते माझ्या कानाशी लागले.

"जावईबापू, मंत्रीसाहेबांचा ताफा मागं हाय का? सरपंच म्हनला, तुझ्या दारात मंत्री आला तर मी मिशी काढतो."

तेवढ्यात काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्या मागच्या फळीवरून मामा उतरले. हातात आहेराचा कुकर. मी धावत जाऊन सगळं सांगितलं.

"मामा, गावासमोर त्यांची इज्जत जाईल. लग्न मोडंल."

"मंग बघत काय राह्यला? कुकर धर."

मामांनी खांद्यावरचा गमछा झटकला, मान किंचित वाकडी केली आणि नाटकातल्या मंत्र्याच्या चालीत अर्जवाल्यांकडे निघाले.

"साहेब, लाइटीची डीपी जळून पडलीय."

"चौकशी करतो."

"साहेब, यष्टी बंद झाली."

"चौकशी करतो."

सरपंच हळूच म्हणाला, "बिलकुल खरा मंत्री हाय."

निभावलं होतं. पण मांडवात कुणीतरी मामांच्या हाती माईक दिला आणि मामांना खोटं रेटवेना.

"मी नाटकातला मंत्री हाय. भाच्यानं पत्रिकेत 'मामा'चा 'मा.' केला. पाव्हण्यांची काही चूक न्हाई."

सासऱ्यांची मान खाली गेली. मी कुकर छातीशी धरून उभा होतो. तेव्हा मामांनी तिथल्या तिथे जुळवलेलं गाणं सुरू केलं:

"डीपी जळाली, यष्टी पळाली,
सरपंचाची मिशी तेवढी वाचली!"

पहिला हसला सरपंच. मग सगळा मांडव. सासरे डोळे पुसत म्हणाले, "असला मंत्री कधी आल्ता का आपल्या गावात?" मामांचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

आता त्या गावातले लोक जयंतीला मामांना गाडी पाठवून नेतात. मी जीपने जातो. सासरे सगळ्यांना ओळख करून देतात, "हे आमचे मा. जावई."

हे माननीय की माजी, असं मी बायकोला विचारलं.

"चौकशी करते," ती म्हणाली.