खुनाची पोथी

मामा, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून पेन्शनीत आल्यावर दर गुरुवारी मलकापूरहून कऱ्हाडच्या वाचनालयात जायचे आणि आणलेलं पुस्तक आत्यांना वाचून दाखवायचे. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. मामा गेले आणि घरातलं वाचन थांबलं. आत्या विचारलं तर बोलायच्या, वाढलं तर जेवायच्या. या अशाच विझत जाणार, अशी मला धास्तीच बसली.

म्हणून गुरुवारची फेरी मी सुरू केली. प्रवासवर्णन आणलं, पाककृती आणल्या, ताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. सगळी टीव्हीशेजारी पडून राहिली. शेवटी वैतागून हाताला लागली ती खुनाची कादंबरी उचलली.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, आत्या अंघोळ करून पाटावर बसलेल्या, चौरंगावर कादंबरी आणि शेजारी निरांजन! स्वतः वाचायची एकच रीत त्यांना ठाऊक होती, पोथीची. रोज एकच अध्याय, मोठ्यानं, आणि पुढचं पान उघडून बघायचं नाही. पहिल्याच अध्यायात प्रेत सापडलं, तरी वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तकाला हात जोडले. मला हसू आवरेना. पण त्या दुपारी त्यांनी आपण होऊन दुसरी भाकरी मागितली.

माझ्यात मात्र दम कुठला! मी चोरून शेवट वाचला. बाराव्या अध्यायाला आत्या कादंबरीतल्या बिचाऱ्या माळ्याला खुनी समजून शिव्या द्यायला लागल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

"आवं आत्या, माळी न्हाई, डॉक्टरनं मारलंय!"

आत्यांनी पुस्तक मिटलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"पोरी, हे गेल्यापास्नं पुढं काय हाय ते सगळं मला ठावं हाय. सकाळी च्या, दुपारी भाकरी, सांजंला दिवा. एवढं एक ठावं नव्हतं. ते बी तू सांगून टाकलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या अधीरपणाचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी कधीच न फिरकलेल्या कपाटापुढे गेले आणि बर्फाचे डोंगर चढणाऱ्या एका बाईंचं आत्मकथन आणलं. शेवट बघितला नाही. "आत्या, ती शिखरावर पोचती का न्हाई, मला बी ठावं न्हाई," म्हटलं. त्यांनी मला निरखून बघितलं, तुळशीची शपथ घ्यायला लावली आणि मगच निरांजन लावलं.

काल सातवा अध्याय संपला तेव्हा बाई दोरीला लटकत होती. मी गयावया केली, "आणखी एकच वाचा की!"

चष्मा पुसत आत्या हसल्या. "दम काढ जरा. उद्या हाय न्हवं?"

मामा गेल्यापासून उद्याचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं होतं.