नावेचे खुंट

माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली मला तेव्हाही खपत नसत, आताही खपत नाहीत. पण एकदा सासूबाईंनी ठेवली, आणि ती मी मुकाट्यानं ऐकून घेतली.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. मी भोरकडचा, बैलगाड्या करणारा सुतार. सासुरवाडी भाटघर धरणाच्या पाण्यापल्याड. पायी वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडायचा, म्हणून सगळे नावेनं जात. नाव शिडाची, कुणा गोऱ्या साहेबानं जाताना मागं सोडलेली. तिच्या दोन्ही कडांना लोखंडी खुंट होते नि त्यांतून तार ओवलेली, तोल गेला तर धरायला. खुंट गंजून मोडले, तार गेली, नाव बोडकी झाली. शिडात वारं भरलं की ती अशी कलायची, की भलेभले खाली बसून फळी धरायचे.

बायको पहिलटकरीण म्हणून माहेरी होती. मुलगी झाली. तीन महिन्यांनी दोघींना आणायला गेलो, तर सासूबाईंनी साफ सांगितलं, असल्या नावेतून लेक नि नात पाठवणार न्हाई. मी रिकामा परत. घर नुसतं खायला उठायचं. पोरीला तर मी हातातही घेतलं नव्हतं. एवढासा जीव, माझे हात हे असे राकट, धीरच झाला नाही.

मग नाववाल्या म्हाताऱ्याला म्हटलं, खुंट मी बसवतो. बाभळीचे बारा खुंट तासले, जुन्या भोकांत बसवले, वरून काथ्याचा दोर ओवला. दोन दिवसांत काम फत्ते. मिशीवर ताव देत पल्याड गेलो.

सासूबाई काठावर आल्या. पहिल्या खुंटाला हात घातला आणि वर ओढला. खुंट अलगद त्यांच्या हातात आला. दुसराही आला. म्हातारा तोंड फिरवून हसत होता. माझ्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. गाडीचे खुंट आम्ही सैलच ठेवतो, कडबा भरताना उपसून काढता यावेत म्हणून. हातांनी सवयीनं तेच केलं होतं.

त्या चिडल्या नाहीत. खुंट माझ्या हातात देत एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, गाडीतनं पडलेलं मानूस जमिनीवर पडतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव घेऊन परत आलो. खुंट नव्यानं केले, लांब. फळीतून आरपार नेऊन खालून आडवी खीळ ठोकली, लोहाराकडून पट्ट्या करून नटबोल्टनं आवळल्या, भोकांत डांबर भरलं. आठ दिवस गेले.

या खेपेला सासूबाईंनी बाराच्या बारा खुंट पाय रोवून ओढले. एकही हलला नाही. लेकीला हात देऊन त्यांनी स्वतः नावेत चढवलं.

मधल्या पाण्यात वारं भरलं, नाव कलली. बायको पोरीला घेऊन निवांत बसली होती. मी मात्र शेवटच्या खुंटाला दोन्ही हातांनी कवटाळून बसलो होतो.

ती म्हणाली, "तुमचंच काम हाय न्हवं? मग सोडा की त्यो. हिला घ्या."

मी खुंट सोडला आणि पोरीला घेतलं. काठ येईपर्यंत परत दिली नाही.