रानात हो म्हणायचा नियम

मोहाच्या झाडाखाली एक फूल उचलायला जावं तर पाचोळ्यातून आणखी दहा दिसतात. आमच्या देविदासभाऊचे किस्से तसेच. कोणी म्हणालं की देशाला कडक माणूस पाहिजे, की मला एकेक आठवायला लागतात. मी चौथी शिकलेली बाई. देशाचं मला विचारू नका, मी रानातलं सांगते.

*

आमचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, रानाला लागून. मोह पडायला लागला की आम्ही अकरा बाया पहाटे वेचायला जातो. रानात वाघ आहे. वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेली बाई त्याला जनावरासारखी दिसते. म्हणून आमच्यात हाक चालते. मी माझ्या जावेला हाक मारते, "सुनंदा." ती "हो" म्हणते आणि पुढचीचं नाव घेते. असं फिरत फिरत शेवटी तानाबाई. ती सगळ्यात म्हातारी. ती "हो" म्हणून माझं नाव घेते, की पुन्हा सुरू. जिचं हो आलं नाही तिच्यासाठी सगळ्या थांबतात. हो येईपर्यंत कोणी वाकत नाही.

एकदा सुनंदाचं हो आलं नाही. पुन्हा हाक मारली, नाही. तिची पोरं लहान, ती कोणाच्या पदरात टाकू, इथवर मी पोचले. तेवढ्यात झाडामागून आवाज आला, "मी तुमच्याशी बोलत नाई." आदल्या दिवशी मी तिला भाजीवरून बोलले होते.

तानाबाई तिला म्हणाली, "भांडण घरी कर. रानात हो म्हण."

*

देविदासभाऊ घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात सिक्युरिटीत होता. नोकरी सुटल्यावर गावात आला आणि ग्रामसभेनं त्याला वन समितीचा अध्यक्ष केलं. मीही हात वर केला, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं बंद असलेला हातपंप त्यानं दोन दिवसांत चालू करून घेतला. शाळेच्या ओट्यावर पिऊन पडणारे आपोआप उठले. बरं वाटलं आम्हाला.

तो मोबाईलवर देशोदेशीचे कडक नेते दाखवायचा. खाली हजारो माणसं एका रेषेत उभी, वर एकटाच बोलतो आहे. "पाहा बाई, मतदान तिथंही होते. पण बोलते एकच माणूस. म्हणून देश पुढं गेला. आपल्याले असंच पाहिजे."

तानाबाई किती तरी वेळ त्या मोबाईलकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाकीचे जित्ते हायेत, हे त्याले कसं समजते?"

*

आधी आमच्या ग्रामसभेत इतका गोंगाट असायचा की कुत्री उठून जायची. मग हळूहळू कमी झाला. देविदासभाऊ विषय वाचायचा, हात वर व्हायचे. मग विषय अर्धा वाचून व्हायच्या आधीच व्हायला लागले.

एकदा तो येऊन खुर्चीवर बसला. कागद अजून खिशातच होता. त्याला ठसका लागला आणि सगळ्यांचे हात वर गेले.

कोणी हसलं नाही. मी बाजूला पाहिलं, सुनंदाचा हात वर. मग वर पाहिलं तर माझाही होता. मी तो उचलला नव्हता.

*

औंदा त्यानं हाक बंद केली. "काऊन बोंबलता जंगलात? शिस्त नाई काही?" मोठ्या मोहाला त्यानं बॅटरीवरचा भोंगा बांधला. त्यात त्याचाच आवाज भरलेला. "घाबरू नका. मी जागा हाये." थोडं थांबून पुन्हा तेच. पहाटे आपोआप सुरू व्हायचा. आम्ही फक्त चुपचाप वेचायचं.

मी म्हटलं, "भाऊ, भोंगा आमाले पाहून राह्यला काय?"

"तुमाले विश्वास नाई माह्यावर?"

मी गप्प बसले. अजून चीड येते मला माझी.

तानाबाई म्हणाली, "बरं, हाक बंद. पण तू रानात आला तर तुलेही हो म्हणावं लागते. नियम साऱ्याईले हाये."

"मी कोणाले हो म्हणणारा माणूस नाई," तो म्हणाला.

*

आठ दिवसांनी वनरक्षक आला. रानातल्या कॅमेऱ्यात आलेला फोटो त्यानं दाखवला. मोठा मोह, वर भोंगा, खाली वाघ. निजलेला नाही, बसलेला. मान वर करून भोंग्याकडे पाहत होता.

"रोज येतो," वनरक्षक म्हणाला. "आवाज सुरू झाला की येतो."

देविदासभाऊनं फोटो आपल्या मोबाईलवर घेतला. गावभर दाखवला. "पाहा, जनावरही शिस्तीत बसून ऐकून राह्यलं."

*

तरी बाया रानात जायला मागेनात. तेव्हा तो म्हणाला, "उद्या मी स्वतः येतो." आणि आला. काठी घेऊन मोठ्या मोहाखाली उभा राहिला. आम्ही लांब पांगून वेचायला लागलो. भोंगा चालू होता. घाबरू नका. मी जागा हाये.

टोपली अर्धी झाली असेल. एकाएकी पाखरं गप्प झाली. वर माकड एकदाच खेकसलं. मी सरळ उभी राहिले. सुनंदा दिसेना.

हाक मारली तर त्याचा हुकूम मोडतो. मी मोडला. "सुनंदा!"

काही नाही. भोंगाच बोलत होता. मी पोट आवळून पुन्हा ओरडले.

"हो," सुनंदा म्हणाली. रडत होती. आणि तिनं पुढचीचं नाव घेतलं.

हाक फिरली. एकेक हो येत गेलं, कोणाचं जवळून, कोणाचं लांबून. मी बोटांवर मोजत होते. शेवटी तानाबाई. "हो." मला धरून अकरा झाल्या. आता तिनं माझं नाव घ्यायचं. तिनं घेतलं नाही.

तिनं हाक मारली, "देविदासभाऊ."

मोठ्या मोहाकडून आवाज आला. "घाबरू नका. मी जागा हाये."

तानाबाई थांबली. पुन्हा हाक मारली, "देविदासभाऊ, हो म्हण."

"घाबरू नका. मी जागा हाये."

जिचं हो आलं नाही तिच्यासाठी थांबायचं, हा आमचा नियम. आम्ही अकरा जणी जागच्या जागी उभ्या राहिलो. ऊन वर आलं. बॅटरी उतरत चालली तसा तो आवाज जाड होत गेला, लांबत गेला, आणि तरी तो तेच म्हणत होता.