आधी व्याह्यांची गाडी

आमच्या ह्यांना, म्हणजे यशवंतरावांना, एक दुखणं आहे आणि ते कुठल्याही डॉक्टरच्या हाताला लागायचं नाही. दारात दोन माणसं एकदम आली की हे मागं सरतात आणि म्हणतात, "तुम्ही आधी." सचिवालयातली सगळी नोकरी अशीच झाली. बढतीच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, साब, मेरे को जरूरत है. ह्यांनी सांगितलं, तुम लेओ. लग्नाच्या पंगतीत हे शेवटच्या पानावर बसणार, तिथं पोचेपर्यंत जिलबी संपणार आणि घरी आल्यावर मला विचारणार, काही खायला आहे का गं? भीड भिकेची बहीण, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. ऐकतंय कोण?

निवृत्तीनंतर ह्यांनी भाच्याची वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडी गुणाची, पण बॅटरी लहान. चिक्कडपल्लीत आमच्या बिल्डिंगखाली प्लगची सोय नाही, म्हणून हे विद्यानगरच्या फास्ट चार्जरवर जातात. तिथं दुखणं आणखी वाढलं. गाड्या दहा कंपन्यांच्या, चार्जर पाच कंपन्यांचे, आणि प्रत्येक चार्जरचं ॲप वेगळं. एकाला ओटीपी येत नाही, दुसऱ्याची गाडी चार्जरला ओळखच देत नाही, तिसऱ्याची गन, म्हणजे गाडीत खुपसायची चार्जरची नळी, अडकून बसते. ह्यांनी सगळी ॲपं आपल्या फोनात भरून ठेवलीत. कुणी तोंड पाडून उभा दिसला की आपल्या फोनवरून त्याची गाडी सुरू करून देतात. तोवर आपली गाडी मागं उभी. वर तेलुगूत म्हणतात, "पर्वालेदु." हरकत नाही.

मी एकदा बरोबर गेले होते. आमचा नंबर लागणार तेवढ्यात एक टॅक्सीवाला आला, अंकल, एअरपोर्ट का भाडा है. ह्यांनी गाडी मागं घेतली. मग एक बाई आल्या, त्यांची मुलगी क्लासहून सुटायची होती. पुन्हा गाडी मागं. मी गाडीत बसून अख्खी पिशवी मटार सोलले. तिथं सगळे ह्यांना अंकल अंकल करतात आणि हे फुलून जातात. माणूस सोन्यासारखा आहे हो. पण सोन्याचासुद्धा कधीकधी राग येतो, त्याला मी काय करू?

तर यंदा आमच्या लेकीचं, अमृताचं ठरलं. ओळखीतून आलेलं स्थळ. मुलगा गौतम, नोकरीला चांगला, बोलायला गोड. त्याचे वडील एकनाथराव मूळचे भालकीकडचे शेतकरी, आता दिलसुखनगरला बियाण्यांचं दुकान. माणूस रोखठोक, आवाज असा की दुकानातून बोलले तर रस्त्यापलीकडं ऐकू जावं. अमृता आणि गौतम चारदोनदा भेटली, फिरली, मग तिनं होकार दिला. पुढची बोलणी ह्यांच्याकडं. आणि ह्यांची बोलणी कशी? एकनाथरावांनी विचारलं, साखरपुडा भालकीला, माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात करू का? तुम्ही म्हणाल तसं. मुहूर्त दुपारचा काढू का? तुम्ही म्हणाल तसं. माझी विहीण सुशीलाबाई, ती बिचारी विचारून विचारून दमली.

आदल्या दिवशी साड्यांना इस्त्री करता करता अमृता माझ्याजवळ बोलली. म्हणाली, "आई, बाबा उद्याही मागंच राहिले ना, तर त्या घरात मला जन्मभर मागं उभं राहावं लागेल. ते धरूनच चालतील की ह्यांच्याकडं नाही म्हणतच नाहीत." मी म्हटलं, तुझ्या बापाला मी सांगते. सांगितलंही. हे म्हणाले, हो हो. आता ह्यांच्या "हो"ला काय किंमत द्यायची, तुम्हीच सांगा.

त्याच संध्याकाळी हे गाडी चार्ज करायला म्हणून गेले आणि तिघांना पुढं सोडून, निम्म्याहून कमी बॅटरी घेऊन घरी आले. मी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, रस्त्यात लावू की, व्याहीही बरोबरच आहेत.

सकाळी दोन गाड्या निघाल्या. पुढं एकनाथरावांची नवीकोरी, दुसऱ्या कंपनीची, मोठ्या बॅटरीची. तिच्यात ते, सुशीलाबाई आणि गौतम. मागं आमची. गावातली गर्दी तुडवत पटान्चेरूच्या पुढं आलो तेव्हा आमच्या गाडीत बारा टक्के उरले होते. एका हॉटेलच्या आवारात चार्जर दिसला. दोन गन, पैकी एकीवर चिकटपट्टी मारलेली, बंद. एकच चालू. त्यांच्या गाडीत साठ टक्के. भालकी गाठायला तेवढे पुरून उरले असते.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? ह्यांनी खाली उतरून हात जोडले आणि म्हणाले, व्याही, तुम्ही आधी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, पण इथं तर आम्हीच घोड्याला आमंत्रण देत होतो. एकनाथरावांनी ह्यांच्याकडं जरा रोखून पाहिलं आणि म्हणाले, बरं, लावतो. त्यांच्या ॲपला ओटीपी येईना. आला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. ह्यांनी लगेच आपला फोन काढला आणि त्यांची गाडी आपल्या फोनवरून सुरू करून दिली. वर चहा सांगायला निघाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

अमृता गाडीत नवी साडी नेसून बसली होती. तिनं खिडकीची काच वर केली.

चहा झाला. चार्जरवरचे आकडे गोगलगाईसारखे चढत होते. सुशीलाबाईंनी मुहूर्ताची आठवण केली. तेव्हा एकनाथराव म्हणाले की असं करू, अमृताला आमच्या गाडीत घेतो, आम्ही पुढं होतो. तुम्ही दोघं गाडी चार्ज करून सावकाश या. मुहूर्त चुकायला नको.

आईबापाशिवाय पोरीचा साखरपुडा? मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांचं तोंड "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला उघडलेलं होतं. बत्तीस वर्षांत ते तोंड मला चांगलं ओळखू येतं. तेवढ्यात अमृता गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि बापाकडं बघून अगदी शांतपणे म्हणाली, "पर्वालेदु, बाबा. मी जाते त्यांच्याबरोबर."

आपलाच शब्द पोरीच्या तोंडून ऐकून ह्यांचा चेहरा पार उतरला. मग ह्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि ज्या ॲपवरून सुरू केला होता त्यावरूनच चार्जर बंद केला. खट्कन आवाज झाला. एकनाथरावांची गाडी थांबली.

"नाही," हे म्हणाले. "तुमच्या गाडीत पुरेसं आहे. आता आमची लागेल. माझी मुलगी माझ्याच गाडीतून येईल. मुहूर्ताला थांबावं लागेल."

सुशीलाबाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी त्यांच्याकडं. गौतम चहाचा कप धरून तसाच. मला वाटलं, संपलं, ठरलेलं मोडलं. आणि खरं सांगते, मोडलं तर मोडलं असंही वाटलं, इतका मला त्या घडीला ह्यांचा अभिमान वाटत होता.

एकनाथराव पुढं आले. "सोयरे," ते म्हणाले, "आमच्या गाडीला चार्जिंगची गरजच नव्हती. तुम्ही म्हणालात म्हणून लावली. म्हटलं बघू, हा माणूस कुठवर मागं सरतो. राग नका मानू. महिनाभर मला झोप नाही. ज्या घरात कुणी नाही म्हणत नाही, त्या घरच्या पोरीचा हो खरा कसा समजायचा? उद्या माझ्या पोराचा संसार भिडेवर उभा राहिला तर?" मग ते अमृताकडं वळले. "आता तूच सांग पोरी. तुझा होकार तुझाच आहे ना?"

अमृतानं एकदा गौतमकडं पाहिलं. "माझाच आहे, काका," ती म्हणाली. "याच्याआधी आलेल्या दोघांना मी नाही म्हटलं होतं."

ही गोष्ट आम्ही व्याह्यांना कधी सांगितली नव्हती. मी जीभ चावली. पण एकनाथराव हसायला लागले, असे हसले की हॉटेलातली माणसं वळून बघू लागली. मग त्यांनी भालकीला भावाला फोन लावला. "दादा, भटजींना जेवू घाला आणि बसवून ठेवा. नवरीकडची गाडी आधी येईल, तिच्या मागून आम्ही."

ह्यांनी आमच्या गाडीला लावायला गन हातात घेतली, पण घाईत ती काही बसेना. शेवटी मीच लावली.